स्लायडिंग दरवाजातून पाणी घरात येतंय? सिलिकॉन लावण्याआधी ही छिद्रं शोधा

पावसाची झड सुरू झाली की बाल्कनीच्या स्लायडिंग दरवाजापाशी जुने टॉवेल अंथरायचे, हा मुंबई-ठाण्यातल्या अनेक घरांचा जून ते सप्टेंबरचा नेम. मग कुणीतरी सिलिकॉनची ट्यूब आणतं आणि दिसेल ती फट बुजवतं. अनेकदा गळती इथूनच वाढते.

खरं तर खालच्या ट्रॅकमध्ये पाणी येणं हा बिघाड नाही. सरकणारा दरवाजा चौकटीला घट्ट चिकटून बसू शकत नाही. ब्रशसारख्या पट्ट्या वाछट अडवतात, तरी थोडं पाणी उतरतंच. ते निघून जावं म्हणून चौकटीच्या बाहेरच्या बाजूला, अगदी खाली, छोटी छिद्रं असतात. त्यांना 'वीप होल' म्हणतात. धूळ, केस, कबुतरांची पिसं यांनी ती बुजतात, नाहीतर आपणच बुजवतो. आमच्या घरी कारागिराने नेमकं हेच केलं आणि पुढच्याच पावसात हॉलमधल्या लाकडी फ्लोअरिंगचा कोपरा फुगला.

वाऱ्याचा काय संबंध?

ताशी 60 किमी वेगाचा वारा काचेवर साधारण 170 पास्कल दाब टाकतो. एवढा दाब सुमारे 17 मिमी उंचीचं पाणी तोलून धरतो. ट्रॅकची आतली कड त्याहून उंच नसेल, तर छिद्रं मोकळी असूनही पाणी आत येईल. वेग 100 वर गेला की हा आकडा 47 मिमीच्या आसपास जातो, कारण दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून एकसारखाच दरवाजा दुसऱ्या मजल्यावर कोरडा आणि विसाव्यावर गळका असू शकतो. पायाला अडखळायला नको म्हणून सपाट ट्रॅक घेणाऱ्यांनी हे आधी विचारात घ्यावं.

घरच्या घरी चाचणी

पाऊस नसताना ट्रॅक जुन्या टूथब्रशने साफ करा आणि तांब्याभर पाणी हळूहळू ओता. ते छिद्रांतून बाहेर पडलं पाहिजे. साचून राहिलं तर छिद्रं बारीक तारेने मोकळी करा. पाणी कमी होतंय, पण बाहेर काहीच दिसत नाही? मग चौकटीच्या कोपऱ्यातला सांधा सुटला असण्याची शक्यता जास्त. हे पाणी फरशीखाली जिरतं आणि खालच्या शेजाऱ्यांच्या छताला ओल आल्यावरच कळतं.

सिलिकॉनची जागा चौकट आणि भिंत यांच्यामधल्या सांध्यावर, बाहेरून. जुना थर खरवडून, जागा पूर्ण कोरडी करून मगच लावा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सिमेंट किंवा संगमरवरावर नको, दुकानात 'न्यूट्रल' मागा.

बाल्कनीत जुन्या फरशीवरच नवी टाइल बसवली असेल, तर छिद्रं टाइलच्या खाली गेली नाहीत ना, हे वाकून बघा. गेली असतील तर दरवाजालगतची टाइलची रांग काढावी लागेल.