पोरके शिंगरू आणि दाईघोडी

पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा महामार्ग भोर तालुक्यातील सारोळे गावाजवळ नीरा नदी ओलांडतो. पैलतीरी शिरवळ असून तेथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. या मुलखात मेंढ्यांच्या कळपाबरोबर संसार पाठीवर वाहणारी धनगराची घोडी दिसते; पुण्याच्या बाजूस शर्यतीच्या घोड्यांची पैदास होते. तेथील पूनावाला अश्वपैदास केंद्र 1946 सालचे. विताना घोडी दगावली, तर या दोन्ही ठिकाणच्या शिंगरांपुढे प्रश्न एकच असतो.

तो प्रश्न केवळ दुधाचा नव्हे. घोडीच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भाकडे जात नाहीत. शिंगराला ती चिकातूनच मिळतात, आणि ती शोषून घेण्याची आतड्यांची क्षमता जन्मानंतर सुमारे 24 तासांत संपते. म्हणून चीक आधी, दाई नंतर. पुढे बाटलीच्या दुधावर शिंगरू जगते खरे. पण माणसांतच वाढलेल्या शिंगराला घोड्यांची रीतभात कळत नाही व मोठेपणी ते आवरणे कठीण जाते.

दाई मिळाली तरी ती परक्या शिंगराला लाथाडते, कारण घोडी आपले पोर मुख्यतः वासाने ओळखते. मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईम्हशीपुढे ठेवण्याची रीत आपल्याकडे परिचित आहे. त्याच न्यायाने दाईच्या मृत शिंगराचे कातडे पोरक्याच्या पाठीवर बांधतात. वास पटला की पान्हा फुटतो.

परंतु दाईचे स्वतःचे शिंगरू जिवंत असेल तर? भाड्याने दिल्या जाणाऱ्या दायांची शिंगरे जन्मताच तोडली जातात; एका पोरक्यासाठी दुसरे पोरके होते. अमेरिकेतील केंटकी राज्यात या व्यवसायावर टीका झाली ती याचमुळे, आणि ती रास्तच म्हटली पाहिजे. यावर अलीकडे निघालेला उपाय असा : पूर्वी व्यालेल्या, पण सध्या गाभण नसलेल्या घोडीला संप्रेरके व डोम्पेरिडोनसारखी औषधे दिली असता एकदोन आठवड्यांत ती दूध देऊ लागते. नंतर प्रसवमार्गाचे हाताने उद्दीपन केल्यास ऑक्सिटोसिन स्रवते व वात्सल्य जागे होते.

चिकाची गरज मात्र अशा घोडीवर सोपवता येत नाही. त्यासाठी सुखरूप व्यालेल्या घोडीचा पावशेर चीक, तिचे शिंगरू प्यायल्यावर, काढून गोठवून ठेवतात. तो वर्षभर टिकतो. धनगराच्या वाड्यावर ही सोय नसते. तेथे नुकतीच व्यालेली दुसरी घोडी शोधण्यास हाती तेच 24 तास असतात.