हिंगणघाटच्या वाटांचे जाळे, आपल्याच संगणकावर

हिंगणघाटला एक जुनी कबर आहे. गावातल्या पुष्कळांना ती कुणाची हे ठाऊक नसते. विल्यम लॅम्बटन हा इंग्रज सर्वेक्षक हैदराबादहून नागपूरकडे निघाला असताना २० जानेवारी १८२३ रोजी येथे वारला. १८०२ साली मद्रासजवळ त्याने एक पायारेषा जमिनीवर अत्यंत काटेकोरपणे मोजली आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण रचत तो उत्तरेकडे सरकत आला. भारताचे जे 'महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण' पुढे जॉर्ज एव्हरेस्टच्या नावाने अधिक ओळखले गेले, त्याचा आरंभ या माणसाने केला.

संगणकावरच्या लेखात ही कबर कशाला, असे आपल्याला वाटेल. लॅम्बटनच्या कामाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू. टेकडीचा माथा, किल्ल्याचा बुरूज, देवळाचे शिखर हे त्याचे बिंदू. एका बिंदूवरून दुसरा दिसतो, ती दृष्टिरेषा म्हणजे दोन बिंदूंना जोडणारा दुवा. बिंदू आणि दुवे एवढ्याच सामग्रीतून उभ्या राहणाऱ्या रचनेला गणितात 'ग्राफ' म्हणतात. (शाळेत क्ष आणि य अक्षांवर काढतो तो आलेख वेगळा. घोटाळा नको म्हणून येथे 'जाळे' हाच शब्द वापरतो.) १७३६ साली ऑयलरने क्योनिग्जबर्गच्या सात पुलांचे कोडे सोडवले तेव्हापासून या जाळ्यांचे गणित सुरू झाले, ती गोष्ट बहुतेक शिक्षकांना माहीत असते.

लॅम्बटनच्या जाळ्यातली खुबी त्रिकोणात आहे. त्रिकोणाच्या दोन कोनांवरून तिसरा काढता येतो, मग तिसऱ्या टेकडीवर अवजड थिओडोलाइट चढवायचा कशाला? तर ताळा पाहायला. तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश यायला हवी. खरे म्हणजे पृथ्वी गोल असल्यामुळे त्याहून किंचित जास्त. ४० किलोमीटर बाजूच्या समभुज त्रिकोणात हे आधिक्य सुमारे साडेतीन विकला भरते. मोजणी याहून फार वेगळी आली, तर कुठेतरी चूक झाली असे समजायचे. नुसती सरळ साखळी असती तर चूक पुढे पुढे सरकत गेली असती आणि कुणाला पत्ता लागला नसता. दुवे फिरून पुन्हा पहिल्या बिंदूशी येतात, जाळ्यात 'फेरा' तयार होतो, म्हणून चूक सापडते. हा फेरा लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

आता हिंगणघाटच्या रस्त्यांकडे येऊ. नागपूरहून बुटीबोरी, जांब, हिंगणघाट, वडनेर, वडकी अशी राष्ट्रीय महामार्गाची दोरी खाली पांढरकवड्याकडे जाते. जांबहून एक फाटा वरोरा-चंद्रपूरकडे फुटतो. हिंगणघाटहून वर्धा, वर्ध्याहून सेलू, सेलूहून परत बुटीबोरी. झाला की नाही फेरा? जांबजवळ रस्ता बंद पडला तरी हिंगणघाटचा माणूस वर्ध्यावरून नागपूरला पोचतो. पण बुटीबोरीच बंद पडली, तर आपल्या या छोट्या जाळ्यातून नागपूरची वाट उरत नाही. ज्या बिंदूला काढले की जाळ्याचे दोन तुकडे होतात त्याला 'छेदबिंदू' म्हणतात.

तालुक्यातल्या खेड्यांसाठी हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. वणा नदी आणि तिला मिळणारे नाले भरले की काही रपटे पाण्याखाली जातात. अशा वेळी कोणत्या गावाहून हिंगणघाटच्या रुग्णालयापर्यंत वाट उरते आणि कोणत्या गावाहून उरत नाही? तालुक्यातल्या एका शाळेत मुलांबरोबर मी हेच काढायला बसलो होतो. मुलांनी आठवडाभर हिंडून, आजोबांना, दूधवाल्यांना, एस्टीच्या वाहकांना विचारून वह्यांत दुवे नोंदवले: हे गाव, ते गाव, मध्ये पूल की रपटा, पुरात बंद की चालू.

पन्नास गावांचे जाळे कागदावरही मावते, हे आधीच कबूल करतो. मग जाळ्यासाठी खास सॉफ्टवेअर कशाला? नेहमीच्या माहितीसाठ्यात तक्ते असतात. 'या गावाला लागून कोणती गावे' हे तक्ता चटकन सांगतो. 'त्यांना लागून कोणती' विचारले की तक्ता स्वतःशीच पुन्हा जोडावा लागतो, आणखी पुढे विचारले की आणखी एकदा. हे तक्त्यांना जमतच नाही असे नाही, पण प्रश्न लिहिणे किचकट होत जाते. जाळ्याच्या साठ्यात दुवा ही स्वतंत्र नोंद असते. प्रत्येक बिंदूपाशी त्याच्या दुव्यांचे पत्ते ठेवलेले असतात आणि संगणक एका बिंदूवरून दुसऱ्यावर थेट चालत जातो. शिवाय प्रश्न चित्रासारखा लिहिता येतो:

(क:गाव)-[:रस्ता]-(ख:गाव)

गोल कंसात बिंदू, चौकोनी कंसात दुवा. ही 'सायफर' नावाची भाषा. 'नियो-फोर-जे' या सॉफ्टवेअरसाठी ती तयार झाली, आणि २०२४ मध्ये जाळ्यांच्या प्रश्नभाषेचे जे आंतरराष्ट्रीय मानक आले त्यावर तिची छाप स्पष्ट आहे. आज्ञाशब्द रोमनमध्ये टंकावे लागतात, पण गावांची नावे, अगदी दुव्यांची नावेही, देवनागरीत चालतात. कुठे अडलेच तर ती उलट्या एकेरी अवतरणचिन्हांत घालायची.

हे सगळे आपल्याच संगणकावर उभे करावे असा माझा आग्रह असतो. शाळेतले इंटरनेट कधी असते, कधी नसते. मुलांनी नोंदवलेली माहिती दूरच्या कुणाच्या यंत्रावर जायचे कारण नाही. आणि मुख्य म्हणजे घरच्या साठ्यात बिनधास्त मोडतोड करता येते.

नियो-फोर-जेची 'कम्युनिटी' आवृत्ती विनामूल्य आहे. एकदा चांगल्या इंटरनेटवरून दोन गोष्टी उतरवून पेनड्राइव्हवर घ्या: जावा आणि नियो-फोर-जेची झिप. जावाची आवृत्ती जुळली पाहिजे. बहुतेकांचे घोडे येथेच अडते. २०२५ पासूनच्या आवृत्त्यांना जावा २१ लागते, आधीच्या पाचव्या मालिकेला १७ चालते. झिप उलगडा; ज्या फोल्डरमध्ये उलगडाल त्याचे नाव रोमन लिपीत आणि मध्ये जागा न सोडता ठेवा. आतल्या 'बिन' फोल्डरमधून नियो-फोर-जेला 'कन्सोल' हा शब्द जोडून आज्ञा दिली की काळ्या खिडकीत ओळी धावू लागतात. ती खिडकी बंद करायची नाही. मग ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट', म्हणजे हाच संगणक, आणि त्यापुढे ७४७४ हा दरवाजाचा क्रमांक. पान उघडते पण साठ्याशी जोडले जात नाही अशी तक्रार आली, तर दुसरा दरवाजा तपासा: ७६८७. पान पहिल्यातून येते, प्रश्नोत्तरे दुसऱ्यातून जातात. सुरुवातीचे वापरकर्ता नाव आणि परवलीचा शब्द दोन्ही सॉफ्टवेअरच्याच नावाचे असतात. तो शब्द लगेच बदलावा लागतो आणि नवा किमान आठ अक्षरांचा लागतो. तो फळ्यावर लिहून ठेवा, प्रयोगशाळेतल्या खेळण्याला एवढी गुप्तता नको! जुन्या, कमी स्मृतीच्या यंत्रावर सॉफ्टवेअर रखडले, तर 'कॉन्फ' फोल्डरमधल्या मांडणीच्या फाइलीत जावाला द्यायच्या स्मृतीची कमाल मर्यादा स्वतः ठरवून द्या. आपल्या कामाला अर्धा गिगाबाइट पुरतो.

मी मात्र त्या शाळेत हा सरळ मार्ग सोडून शहाणपणा केला. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही 'डॉकर' वापरतो. त्यात सॉफ्टवेअर, जावा, सगळी मांडणी एका बंद पेटीत येते आणि एका आज्ञेत चालू होते. सवयीने मी त्या आज्ञेत 'काम थांबले की पेटी मोडून टाक' असा पर्यायही टंकला. चाचण्या करताना तो सोयीचा पडतो. माहिती ठेवायला पेटीबाहेरचा, संगणकावरचा फोल्डर मात्र जोडून दिला नाही. मुलांनी दिवसभर गावे आणि दुवे भरले. संध्याकाळी मी नीट, शिस्तीत, सगळे बंद केले. दुसऱ्या दिवशी पेटी उघडली तर आत एकही बिंदू नाही. मुले काही बोलली नाहीत, ते जास्त लागले.

वह्या होत्या म्हणून वाचलो. दुसऱ्यांदा आम्ही थेट साठ्यात भरलेच नाही. दोन साध्या याद्या केल्या, एक गावांची, एक दुव्यांची, आणि त्या स्वल्पविरामांनी विभागलेल्या फाइलींत ठेवल्या. (स्प्रेडशीटमधून जतन करताना 'यूटीएफ-८' हा प्रकार निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग मिळते.) या फाइली 'इम्पोर्ट' फोल्डरमध्ये टाकल्या की एका आज्ञेने साठा भरतो. खरी माहिती यादीत राहते. साठा शंभरदा मोडला तरी दोन मिनिटांत पुन्हा उभा राहतो. पेटीला बाहेरचा फोल्डर जोडायलाही मी आता विसरत नाही.

येथे आणखी एक गंमत झाली. यादी दोनदा भरली गेली आणि प्रत्येक गाव दुप्पट झाले. 'क्रिएट' ही आज्ञा विचार न करता नवे बिंदू निर्माण करते. 'मर्ज' आधी शोधते, नसेल तरच निर्माण करते. म्हणून 'मर्ज' वापरली. तरी एक गाव दोनदा दिसत होते, आणि दोन्ही नावे पडद्यावर हुबेहूब सारखी! शेवटी सापडले: 'ऱ्ह' मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला मात्र ती दोन वेगळी गावे वाटतात. त्यानंतर गावाची ओळख नावावर न ठेवता जनगणनेतल्या क्रमांकावर ठेवली, आणि तो क्रमांक एकमेव असलाच पाहिजे असे बंधन साठ्याला घालून दिले.

मग प्रश्न. 'या गावापासून रुग्णालयापर्यंत अशी वाट दाखव, की तिच्यातला एकही दुवा पुरात बंद होणारा नाही.' रस्त्यांना दिशा नसते, पण हा साठा प्रत्येक दुव्याला एक दिशा चिकटवतोच. विचारताना बाण न काढता नुसती रेघ काढली की तो दिशेकडे दुर्लक्ष करतो. एका मुलाने उत्साहाने 'सगळ्या वाटा दाखव' असे विचारले आणि संगणकाचा पंखा घोंगावू लागला. फेरे असलेल्या जाळ्यात वाटांची संख्या भयंकर वाढते. दहा बाय दहा चौकटींच्या जाळीत एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात फक्त पूर्वेकडे आणि उत्तरेकडे जायचे म्हटले, तरी १,८४,७५६ वाटा होतात. (अकरावी-बारावीच्या मुलांना हे संयोगांच्या सूत्राने पडताळता येईल.) म्हणून 'सर्वांत लहान एक वाट' मागावी आणि दुव्यांच्या संख्येला मर्यादा घालावी. हे 'लहान' दुवे मोजून ठरते, किलोमीटर मोजून नव्हे, हेही ध्यानात असू द्या.

उत्तरांत एका गावाने सगळ्यांना बुचकळ्यात टाकले. त्या गावाला दोन रस्ते होते, मुलांच्या मते ते सुरक्षित. संगणक म्हणाला, वाट नाही. नकाशा पसरून पाहिले, तर दोन्ही रस्ते वेगवेगळ्या गावांतून जाऊन शेवटी एकाच रपट्याच्या अलीकडे मिळत होते. फेरा होता, पण रपट्याच्या अलीकडचा.

"सर, पण हे चूक आहे जी," मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली. "रपट्यावर पाणी आलं की एस्टी बंद होते, ट्रॅक्टर जाते."

तिचे बरोबर होते. 'पुरात बंद' या एका रकान्यात आम्ही सगळी वाहने कोंबली होती. तो रकाना काढून 'किती पाण्यापर्यंत चालू' असा नवा करायचे ठरले: पायी, दुचाकी, एस्टी, ट्रॅक्टर, प्रत्येकाचा वेगळा. त्यासाठी पाणी मोजायला हवे. मुलांनी गावातल्या रंगाऱ्याकडून थोडा पांढरा रंग मागून आणला आणि पाऊस सुरू होण्याआधी रपट्याशेजारच्या खांबावर दर दहा सेंटिमीटरला एक पट्टी काढली.