कोरडा वसंत आणि चैत्रगौर

वसंत ऋतू आला असे पंचांगात वाचावे आणि दाराबाहेर डोकावावे, तर काय दिसते? विहिरीचे पाणी खाली गेलेले, गवत वाळून पिवळे पडलेले, आणि दुपारच्या उन्हात पाय ठेववत नाही असा रस्ता. ऋतुराज म्हणतात तो हाच का, अशी शंका कुणाला आली तर त्यात नवल नाही. इंग्रजी पुस्तकांतला वसंत बर्फ वितळून येतो, हिरवळ घेऊन येतो. आपला वसंत पाणी नसताना येतो. त्याचा आनंद हिरव्या रंगात शोधू गेले, तर पदरी निराशाच यायची.

आमचे गाव देशावरचे, साताऱ्याकडचे. गावाबाहेरच्या माळावर पळसाची पाच-सात झाडे होती. माघात त्यांची पाने गळत, आणि फाल्गुनात त्या काळपट फांद्यांवर केशरी फुलांचे झुपकेच्या झुपके लागत. पान म्हणून औषधाला नाही! काटेसावरीचे तसेच, पांगाऱ्याचेही बहुधा तसेच. असे का व्हावे? झाडाच्या अंगातले पाणी बरेचसे पानांवाटे उडून जाते. पाण्याची ओढाताण सुरू झाली की ही झाडे पाने टाकूनच देतात. खोडात आणि मुळांत अन्नाचा साठा असतो, तो या वेळी फुलांच्या कामी येतो. पानांचा आडोसा नसल्यामुळे ही भडक फुले लांबून दिसतात, आणि साळुंक्या, बुलबुल, शिंजीर मधासाठी त्यांवर गर्दी करतात. त्यांच्या कपाळाला पराग लागतात आणि पुढच्या झाडावर पोचतात. यात आणखी एक हिशेब आहे. आता फुलले म्हणजे पावसाच्या आधी बी पिकते. पळसाची चपटी शेंग वाऱ्यावर जाते, सावरीचा कापूस उडतो, आणि बी जमिनीवर पडते न पडते तोच मृगाचा पाऊस येतो. आपण ज्याला रखरखाट म्हणतो, ती झाडांची पेरणीपूर्वीची लगबग असते.

कोकिळेचेही असेच. ‘कोकिळा गाते’ असे आपण म्हणतो खरे, पण ते उंच चढत जाणारे ‘कुऊ’ नराचे असते. नर काळाभोर, मादी तपकिरी आणि ठिपकेदार. कावळ्यांची घरटी बांधून होण्याच्या सुमारासच त्याचा गळा मोकळा होतो, कारण मादीला अंडी त्याच घरट्यांत घालायची असतात. हा लबाडीचा भाग कवींनी सोयीस्करपणे सोडून दिला, ते असो.

आता पंचांगाकडे वळू. चैत्र-वैशाख हे वसंताचे महिने. पण चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचे, सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. ही तूट भरून काढण्यासाठी साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास धरतात. म्हणून पाडवा कधी मार्चच्या उत्तरार्धात येतो, तर कधी एप्रिलच्या मध्यापर्यंत लांबतो. २२ मार्च १९५७ पासून भारत सरकारने जी राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली, तिच्यात चैत्राचा पहिला दिवस वसंतसंपाताला लागूनच ठेवला आहे. तो २२ मार्चला येतो, लीप वर्षी २१ मार्चला. पळस मात्र कोणतेच पंचांग पाहत नाही. पाडवा उशिरा आला, तर माळावर फुलांचा सडा वाळून गेलेला असतो. म्हणून मी म्हणतो, सण तिथीने करावा, पण ऋतू डोळ्यांनी पाहावा. घराजवळचे एखादे झाड धरावे. कडुलिंब असला तर फारच उत्तम. त्याला पहिली तांबूस पालवी कधी फुटली, मोहर कधी आला, ते भिंतीवरच्या कॅलेंडरावर त्या त्या तारखेला टिपून ठेवावे. दोन-तीन वर्षांत असा चाळा लागतो, की पाडव्याला गूळ, ओवा, जिरे, हिंग घालून वाटलेली ती कडू पाने तोंड वाकडे न करता खाल्ली जातात.

चैत्रगौरीचा थाट पाहिला, म्हणजे आपल्या पूर्वजांनी हा कोरडा वसंत किती नीट ओळखला होता ते कळते. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत माहेरपण भोगते. तिच्यापुढे काय मांडतात? रब्बीचा हरभरा नुकताच घरात आलेला असतो, म्हणून भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी आणि वाटली डाळ. आंब्याला कैरी धरलेली असते, म्हणून डाळीत कैरी आणि प्यायला पन्हे. घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जातात, पन्ह्यातून दोन्ही परत येतात, वर गुळाची तरतरी. पाण्याच्या माठात वाळा. मातीच्या छिद्रांतून पाझरलेले पाणी उडून जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. देशावरच्या कोरड्या हवेत माठ म्हणूनच गार राहतो, कोकणच्या दमट हवेत तितका नाही. अंगणात चैत्रांगण काढतात. त्यात चंद्र-सूर्य, तुळस, गाय, नाग, कासव, हत्ती, सगळ्यांना जागा असते.

सगळ्यांना म्हटले, आणि इथे मला थांबावे लागते. आमची आत्या विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली. गौर महिन्यापुरती येते, ही कायमची आली. माळावर पळस फुलला का, ते पाहायला आम्हां मुलांना तीच पिटाळायची. कैरी किती आंबट निघेल हे नुसत्या वासावरून सांगायची. चैत्रांगण तिच्या हातचे, पन्हे तिच्या हातचे. हळदीकुंकवाला बायका जमल्या, की ती मात्र स्वयंपाकघराच्या दाराआड.

१९६१ सालची गोष्ट. माजघर बायकांनी भरलेले होते. आई आत गेली, आत्याला म्हणाली, “वन्सं, बाहेर या.” आत्या नाही म्हणाली. आईने तिचा हात धरूनच तिला आणले आणि झोपाळ्याशेजारी पाटावर बसवले. कुंकवाची कोयरी उचलण्याचे धाडस काही आईला झाले नाही. तिने आत्याच्या हाताला अत्तर लावले, वाळ्याचे पाणी शिंपडले, ओटीत हरभरे घातले आणि पन्ह्याचा पेला पुढे केला. दोन बायका उठून गेल्या. बाकीच्या गप्प बसून राहिल्या. आत्याने ओटीतला एक हरभरा तोंडात टाकला, जरा वेळ चावला, आणि म्हणाली, “वहिनी, हे रात्रीच भिजत घालायला हवे होते. टणक राहिलेत.”