योगाभ्यास आणि शारीरिक दुखापतींचा प्रतिबंध

योगाभ्यासाद्वारे दुखापतींचा प्रतिबंध म्हणजे आसने, श्वसनाचे अभ्यास व विश्रांती यांच्या नियमित सरावाने स्नायू, सांधे आणि पाठीचा कणा यांना इजा होण्याची शक्यता कमी करणे होय. हा लाभ केवळ लवचीकतेतून मिळत नाही. बळ, तोल आणि देहस्थितीचे भान यांचाही त्यात मोठा वाटा असतो.

स्वरूप

आसनात स्थिर राहताना स्नायू हालचालीविना भार पेलतात. त्यामुळे सांध्यांना आधार देणारे स्नायू बळकट होतात. वृक्षासनासारख्या एका पायावरील आसनांनी तोल सुधारतो. पडून हाड मोडण्याचा धोका असलेल्या वृद्धांसाठी हे महत्त्वाचे आहे. सावकाश हालचालींमुळे ताणाची मर्यादा वेळीच जाणवू लागते.

श्रमजीवनातील उपयोग

चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती हा डोंगराळ तालुका आहे. येथील गोंड, कोलाम व अन्य समाजांचे जीवन मुख्यतः शेती आणि वनोपजांवर अवलंबून आहे. निंदण, कापूसवेचणी आणि उन्हाळ्यातील तेंदूपाने तोडणे या कामांत कंबर दीर्घकाळ वाकलेली राहते. श्रमाने शरीर काटक होते. परंतु एकाच प्रकारच्या हालचाली सतत घडल्याने काही स्नायूंवर अतिरिक्त ताण पडतो. म्हणूनच ‘कष्टकऱ्यास व्यायामाची गरज नाही’ हा समज अपुरा ठरतो. भुजंगासन व शलभासन यांत कणा मागे वळतो आणि पाठीचे स्नायू सशक्त होतात. उत्कटासनाच्या सरावाने मांड्यांना बळ येते व ओझे उचलताना गुडघे आणि खुबे वाकवण्याची सवय लागते. अतिश्रमाच्या दिवशी मात्र शवासनातील विश्रांती अधिक हितकर असते.

महाराष्ट्रातील कार्य

स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम ही संस्था स्थापन करून योगक्रियांच्या शारीरिक परिणामांचा प्रयोगशाळेत अभ्यास केला. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी ठोकळे, पट्टे व दोर यांच्या आधाराने आसने शिकविण्याची पद्धत रूढ केली. त्यामुळे ताठर वा दुर्बल शरीराच्या व्यक्तींनाही सुरक्षितपणे सराव करता येऊ लागला.

दक्षता

चुकीच्या सरावाने योगाभ्यासातूनही दुखापत होऊ शकते. पद्मासनात खुबा पुरेसा न वळल्यास पीळ गुडघ्यावर येतो. शीर्षासन व हलासनात मानेला इजा संभवते. उच्च रक्तदाब किंवा काचबिंदू असल्यास शीर्षासनासारखी आसने टाळावीत. मणक्यातील चकती सरकलेली असल्यास, तसेच गरोदरपणात, वैद्यकीय सल्ला आवश्यक आहे. तीव्र वेदना, बधिरपणा किंवा चक्कर जाणवल्यास आसन तत्काळ सोडावे. आसन स्थिर व सुखद असावे, हा पतंजलींच्या योगसूत्रांतील विचार सुरक्षित सरावाचाही निकष ठरतो.