पिकलबॉलचं मैदान गावात कुठे?

पिकलबॉल हा खेळ 1965 साली अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर जन्मला. भारतात तो रुजवला मुंबईच्या सुनील वालावलकरांनी. कोर्ट 20 बाय 44 फुटांचं, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाएवढंच. भोवतीची मोकळी जागा धरली तरी 30 बाय 60 फूट पुरतात, म्हणजे पावणेदोन गुंठ्यांच्या आत.

जागा इतकी थोडी लागते, तरी वाद होतात. कडक बॅटवर प्लास्टिकचा पोकळ चेंडू आदळतो तो टक्‌टक् आवाज. अमेरिकेत कित्येक वस्त्यांनी त्यावरून तक्रारी केल्या, काही प्रकरणं न्यायालयातही गेली.

मोरगावसारख्या गावात प्रश्न आणखी वेगळा. तिथल्या मयूरेश्वर गणपतीची भाद्रपदात आणि माघात यात्रा भरते, चिंचवडहून मोरया गोसावींची पालखी येते. देवळाजवळची मोकळी जागा तेव्हा भाविकांना आणि गाड्यांना हवी. तिथे जाळी ठोकणं मला मुळीच पटत नाही. कऱ्हा नदीच्या पूररेषेत सिमेंटचा कोबा घालणंही चूक. राहतं गायरान. ते सरकारी मालकीचं, चराईसाठी राखलेलं. गावाची सामायिक जमीन जपा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये जगपाल सिंग प्रकरणात बजावलं आहे.

म्हणून शाळेचं पटांगण मला सर्वांत योग्य वाटतं. तिथे बॅडमिंटनचं कोर्ट आखलेलं असेल, तर जाळी मध्यभागी 34 इंचांवर उतरवायची आणि पिकलबॉलच्या जादा रेघा मारायच्या. कोर्ट दक्षिणोत्तर असावं, नाहीतर सकाळ-संध्याकाळ ऊन डोळ्यांवर येतं. खेळाच्या वेळा मात्र ग्रामसभेत, शेजारच्या घरांना विचारूनच ठरवाव्यात.