कॅसेटच्या पोटातलं अर्धं यंत्र

व्हिडिओ गेमची जुनी पिवळी कॅसेट खोलली की पहिल्यांदा फसवणूक झाल्यासारखं वाटतं. डबा चांगला तळहाताएवढा, आणि आत निघते एक हिरवी पट्टी. तिच्यावर काळ्या राळेचा फुगीर ठिपका, खालच्या कडेला दोन्ही अंगांनी तीस-तीस चकचकीत पट्ट्या. बस, एवढंच. नव्वदच्या दशकात ‘समुराई’, ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांची खेळयंत्रं आपल्याकडे आली. वणी-वरोऱ्यापासून नागपूरपर्यंतच्या पोट्ट्यांनी त्यांच्यावर उन्हाळ्याच्या सुट्ट्याच्या सुट्ट्या घालवल्या. तो सगळा ‘काँट्रा’, तो सगळा ‘मारिओ’ या एवढ्याशा ठिपक्यात राहत होता.

मला मात्र ठिपक्यापेक्षा त्या साठ पट्ट्यांचं नवल जास्त. टीव्हीशेजारचं यंत्र बनवणाऱ्यांनी ते मुद्दाम अर्धवट सोडलं आहे. उरलेलं अर्धं कॅसेटच्या बोर्डावर असतं, आणि ते अर्धं कसं असावं हे कॅसेट बनवणारा ठरवतो. एके काळी हे काम बड्या कंपन्यांचं होतं. आज जगभरातले हौशी लोक घरी बसून असे बोर्ड आखतात, त्यावर स्वतः लिहिलेले नवे खेळ चढवतात, आणि चाळीस वर्षांच्या यंत्रात खुपसतात. वणीत बसून हे करायचं तर काय लागेल? आधी त्या पट्ट्या समजून घेऊ.

आपल्याकडची ती बहुतेक यंत्रं मुळात एकाच यंत्राच्या नकला. निन्टेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये ‘फॅमिली काँप्युटर’ विकायला काढला. लोकांनी त्याचं फॅमिकॉम केलं. आत ६५०२ घराण्यातला प्रोसेसर, सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार ठोक्यांचा. त्याच्या हाताशी स्वतःची मेमरी फक्त २ किलोबाइट. पडद्यावर चित्र काढणारी चिप वेगळी, तिच्याकडे आणखी २ किलोबाइट. हेच यंत्र अमेरिकेत गेलं तेव्हा निन्टेंडोने त्यात एक कुलूप-चिप बसवली, म्हणजे परवानगीशिवाय बनवलेली कॅसेट चालू नये. जपानी फॅमिकॉमला असं कुलूप नव्हतंच. नकला करणाऱ्यांचं फावलं ते त्यामुळे, आणि आजच्या हौशी माणसाचं कामही त्यामुळेच सोपं झालंय.

आता हिशेब. प्रोसेसरकडून पत्ता सांगणाऱ्या पंधरा तारा कॅसेटकडे येतात. माहिती ने-आण करणाऱ्या आठ. हुकमाच्या चार: वाचायचं की लिहायचं ते सांगणारी, बोलण्याची पाळी कॅसेटची आहे का ते सांगणारी, घड्याळाच्या ठोक्याची, आणि कॅसेटला प्रोसेसरचं काम मध्येच थांबवायचं असेल तर त्याला हटकण्यासाठी एक. झाल्या सत्तावीस. चित्रवाल्या चिपच्या पत्त्याच्या चौदा, माहितीच्या आठ, वरकड पाच, म्हणजे पुन्हा सत्तावीस. पाच व्होल्टच्या दोन, ग्राउंडच्या दोन. अठ्ठावन्न. राहिलेल्या दोन आवाजाच्या. त्यांच्याकडे नंतर येतो, कारण त्या दोन फार खोडकर आहेत.

पत्त्याच्या प्रत्येक तारेवर शून्य किंवा एक, दोनच शक्यता. पंधरा तारा म्हणजे दोनाचा पंधरावा घात, ३२,७६८. प्रोसेसरला कॅसेटमध्ये तेवढीच घरं मोजता येतात. प्रत्येक घरात एक बाइट, म्हणजे ३२ किलोबाइट. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ बरोबर या मापात बसवलेला आहे: ३२ किलोबाइटचा प्रोग्राम, ८ किलोबाइटची चित्रं. आज मोबाइलवर काढलेला साधा फोटोही यापेक्षा कितीतरी मोठा असतो. अशा खेळाचा बोर्ड म्हणजे दोन मेमरी चिप आणि त्यांच्यापासून पट्ट्यांपर्यंत सरळ ओढलेल्या तांब्याच्या रेघा. ही जुनी मर्यादा अजूनही लोकांना भुरळ घालते. जर्मनीतल्या मॉर्फकॅट गेम्स या मंडळींनी २०१९ मध्ये ‘मायक्रो मेजेस’ नावाचा नवाकोरा खेळ याच ४० किलोबाइटमध्ये कोंबून दाखवला.

या साध्या बोर्डावरही एक जागा अशी आहे की बघत राहावं. चित्रवाल्या चिपच्या २ किलोबाइटमध्ये दोनच पडदे मावतात, पण तिची समजूत मात्र चार पडदे असल्याची. मग तेच दोन पडदे दोनदा दाखवायचे. ते शेजारी-शेजारी मानायचे की एकाखाली एक? याचं उत्तर प्रोग्राममध्ये नसतं. बोर्डावर तीन छोटे ठिपके ठेवलेले असतात; मधला ठिपका एका बाजूच्या ठिपक्याला जोडला तर पत्त्याची अकरावी तार वापरात येते, दुसऱ्या बाजूला जोडला तर बारावी. खेळ आडवा सरकणार की उभा, हे सोल्डरचा एक थेंब ठरवतो!

पण ‘काँट्रा’? त्याची अमेरिकन आवृत्ती १२८ किलोबाइटची. पंधरा तारांतून ३२ किलोबाइट दिसतात, तिथे १२८ आणायचे कुठून? इथे माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत देखणी युक्ती येते, आणि तिला लागतात फक्त दोन चिप. एक ७४१६१, मूळची मोजणी करणारी, पण इथे तिला चार बिटांचा आकडा लक्षात ठेवायला लावतात. दुसरी ७४३२, तिच्यात चार ‘ऑर’ दारं: दोनपैकी एका तारेवर जरी एक आला तरी बाहेर एक. दोन्ही जुन्या, साध्या, चहा-नाश्त्याच्या पैशांत मिळणाऱ्या.

झाडीपट्टीच्या नाटकात रंगमंच तेवढाच असतो. मागचा पडदा बदलला की राजवाड्याचं जंगल होतं, आणि सूत्रधार मात्र जागचा हलत नाही. इथेही तसंच. ३२ किलोबाइटच्या जागेचे दोन भाग केले. खालच्या १६ किलोबाइटमध्ये खेळाचे तुकडे पाळीपाळीने येतात-जातात. वरच्या १६ मध्ये शेवटचा तुकडा कायम उभा. कोणता तुकडा खाली आणायचा तो आकडा ७४१६१ जवळ असतो.

आता शेवटचा तुकडाच कायम कसा राहतो, ते बघा. प्रोसेसर वरच्या अर्ध्या भागात वाचायला गेला की पत्त्याची सगळ्यात वरची तार एक होते. ही तार ‘ऑर’च्या प्रत्येक दाराला जोडलेली असते, म्हणून सगळी दारं एक देतात. ७४१६१ मध्ये कोणताही आकडा असो, मेमरी चिपला ऐकू येतं एक-एक-एक. आठ तुकड्यांत एक-एक-एक म्हणजे शेवटचा. एकही जास्तीचा भाग न लावता काम झालं. शिवाय ६५०२ ची खोड अशी की वीज येताच तो सर्वांत आधी पत्त्यांच्या अगदी टोकाशी बघतो, सुरुवात कुठून करायची ते तिथे लिहिलेलं असतं. टोकाचा तुकडा कायमचा असल्यामुळे जाग येताना प्रोसेसर कधीच चुकत नाही. हे ज्या कोणा इंजिनिअरला सुचलं असेल त्याला त्या रात्री झोप लागली असेल का, असं मला उगाच वाटतं.

तरी एक पेच राहतो. ७४१६१ ला नवा आकडा कळवायचा कसा? प्रोसेसर तो आकडा सरळ रॉमच्या, म्हणजे खेळ साठवलेल्या मेमरी चिपच्या, पत्त्यावर ‘लिहितो’. रॉमवर लिहिता येत नाही, सगळ्यांना माहीत आहे. पण लिहिण्याचा हुकूम तारेवरून जाताना ७४१६१ तो मध्येच टिपून घेते. गंमत पुढे आहे. साध्या बोर्डावर रॉमला लिहिण्याचा हुकूम कळतच नाही. आपल्याला काहीतरी विचारलंय असं समजून तीही त्याच आठ तारांवर आपला आकडा बोलायला लागते. एकाच तारेवर प्रोसेसर म्हणतो एक, रॉम म्हणते शून्य. दोघांची रेटारेटी. यावरचा उपाय बोर्डावर नाही, प्रोग्राममध्ये आहे: तीन लिहायचा असेल तर रॉममध्ये जिथे आधीपासून तीन आहे त्याच घरावर लिहायचा. दोघे एकच बोलले की भांडण नाही.

एवढं डोक्यात बसलं की आखणी सुरू करता येते. ‘किकॅड’ हे बोर्ड आखण्याचं सॉफ्टवेअर फुकट आहे. फ्रान्समधल्या ग्रनोबल शहरात झाँ-पिएर शारा यांनी १९९२ मध्ये ते सुरू केलं. आपल्या राज्यातलाच धागा हवा असेल तर आयआयटी मुंबईचा ‘फॉसी’ प्रकल्प आहे. तिथे बनलेलं ‘ईसिम’ किकॅडलाच सोबत घेऊन चालतं, त्यात सर्किट आखून त्याची चाचणीही घेता येते. त्याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत मिळतात. साधा लॅपटॉप पुरतो.

आधी सर्किटचा नकाशा, मग प्रत्येक भागाची जागा, मग रेघा. प्रत्येक चिपच्या अगदी जवळ १०० नॅनोफॅरडचा एक कपॅसिटर ठेवायचा. चिप क्षणार्धात वीज ओढते तेव्हा लांबून येणाऱ्या विजेची वाट बघायला लागू नये, म्हणून. फॅमिकॉमच्या पट्ट्यांमधलं अंतर २.५४ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा दहावा भाग. घरच्या घरी तांब्याच्या पत्र्यावर बोर्ड काढण्याइतकं ते मोकळं आहे: लेझर प्रिंटरवर गुळगुळीत कागदावर नकाशा छापायचा, इस्त्रीने तो पत्र्यावर उतरवायचा, आणि फेरिक क्लोराइडच्या तपकिरी पाण्यात पत्रा हलवत राहायचा. जिथे शाई नाही तिथलं तांबं विरघळून जातं. खरी परीक्षा दोन्ही बाजूंचा मेळ बसवण्याची. पट्ट्या पुढून-मागून तीस-तीस, त्यामुळे मागचा छाप केसभर सरकला तरी सगळं वाया. म्हणून बहुतेक जण नकाशाच्या फायली कारखान्याला पाठवून बोर्ड बनवून घेतात. तेव्हा जाडी सांगायला विसरू नये. कारखान्याची नेहमीची जाडी १.६ मिलिमीटर, कॅसेटला हवी साधारण १.२. जाड बोर्ड खुपसून यंत्राच्या खाचेतल्या पिना ताणल्या गेल्या की मग मूळ कॅसेटही नीट बसत नाहीत.

पट्ट्यांवर सोन्याचा पातळ मुलामा मागायचा. लहानपणी कॅसेट चालली नाही की आपण फुंकर मारायचो. कॅसेट चालायची ती बहुधा फुंकरीने नव्हे, काढून पुन्हा बसवल्यामुळे. तोंडातल्या ओलाव्याने तांबं उलट काळं पडत असे. सोनं काळं पडत नाही.

खेळ साठवायला आज ३९एसएफ०४० ही फ्लॅश चिप लोकप्रिय आहे. ती ५ व्होल्टवर चालते, म्हणून. नव्या चिप बहुतेक ३.३ व्होल्टच्या, त्यांना जुन्या यंत्राची भाषा थेट झेपत नाही. पण मला मनापासून आवडते ती तिची आजी, इप्रॉम. इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन यांनी १९७१ मध्ये ती आणली. चिपच्या पाठीवर क्वार्ट्झची इवलीशी खिडकी असते, आणि तिच्यातून अतिनील किरण आत सोडले की लिहिलेलं सगळं पुसलं जातं. खास दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटांचं काम. उत्पादकांच्या माहितीपत्रकात इशारा असे की थेट उन्हात ठेवली तर साधारण एका आठवड्यात कोरी होईल. म्हणून लिहून झालं की खिडकीवर चिकटपट्टी लावतात. आमच्या वणीच्या मे महिन्यातल्या उन्हात गच्चीवर ठेवून बघण्याचा मोह कोणालाही होईल. दुसऱ्याचा खेळ तिच्यावर उतरवून विकला तर ती चोरी; स्वतःचा लिहिला तर कोणाच्या बापाची भीती नाही.

आता राहिलेल्या त्या दोन पट्ट्या, क्रमांक ४५ आणि ४६. फॅमिकॉमचा आवाज प्रोसेसरच्या चिपमध्ये तयार होतो, आणि तिथून टीव्हीकडे न जाता आधी कॅसेटमध्ये येतो. ४५ वरून आत, ४६ वरून परत बाहेर. साध्या बोर्डावर या दोन पट्ट्या एका रेघेने जोडलेल्या असतात. नवखा माणूस ती रेघ ओढायला विसरतो आणि मग खेळ उत्तम चालतो, पण मुका. असा उफराटा रस्ता कशाला? वाटेत कॅसेटला स्वतःचा आवाज मिसळता यावा म्हणून. जपानच्या कोनामी कंपनीने १९८९ मध्ये ‘अकुमाजो देन्सेत्सु’ या खेळाच्या कॅसेटमध्ये स्वतःची चिप बसवून यंत्राच्या आवाजात आणखी तीन सूर घातले. तोच खेळ अमेरिकेत ‘कॅसलव्हेनिया ३’ म्हणून गेला तेव्हा तिथल्या यंत्राच्या कॅसेटची खाच वेगळी, ७२ पट्ट्यांची, आणि आवाजाची ही वाट तिच्यात नव्हती. तिकडच्या मुलांनी ते तीन सूर ऐकलेच नाहीत. आपल्याकडच्या नकलांची खाच मात्र जपानी मापाची, साठ पट्ट्यांची. तेव्हा वणीत कोणी बोर्ड आखायला बसलं, तर ४५ आणि ४६ एका रेघेने जोडून मोकळं होण्याआधी थोडं थांबावं. मध्ये दोन रेझिस्टर आणि एका आवाजाच्या चिपपुरती जागा ठेवली, तर पोळ्याच्या डफड्याचा ठेका त्याच तारेवरून टीव्हीत जाऊ शकतो.