कोलकात्यात बाळंतपण: आरोग्य कार्ड कुठे लागते आणि कुठे लागत नाही

तुम्ही महाराष्ट्रातून कोलकात्यात राहायला आला आहात आणि घरात बाळंतपण जवळ आले आहे. गलाईच्या कामासाठी विटा-आटपाडीकडून आलेली कुटुंबे असोत किंवा बदलीवर आलेली, पहिला प्रश्न सहसा एकच असतो: "आमच्याकडे इथले आरोग्य कार्ड नाही, मग खर्च कोण देणार?"

सरकारी रुग्णालयात प्रसूतीसाठी विमा कार्ड लागतच नाही, हे आधी लक्षात घ्या. कार्डाच्या शोधात नोंदणी आणि तपासण्या लांबवू नका.

कार्ड नसतानाही मिळणारा हक्क

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम १ जून २०११ पासून देशभर लागू आहे. हा विमा नाही. सरकारी रुग्णालयात प्रसूत होणाऱ्या प्रत्येक स्त्रीला तो लागू होतो. रेशनकार्ड कोणत्या रंगाचे, कोणत्या राज्याचे, हे कितवे मूल, याला महत्त्व नाही. नैसर्गिक प्रसूती असो वा सिझेरियन, औषधे, तपासण्या, लागले तर रक्त आणि जेवण (नैसर्गिक प्रसूतीनंतर ३ दिवस, सिझेरियननंतर ७ दिवस) मोफत आहे. घरून रुग्णालयात, गरज पडल्यास एका रुग्णालयातून दुसऱ्यात आणि शेवटी घरी सोडण्याची गाडीही यात येते. गाडीसाठी १०२ वर फोन करा. आजारी बाळावरचे उपचार सुरुवातीला जन्मानंतर ३० दिवसांपर्यंतच मोफत होते, पुढे ही मुदत एक वर्षापर्यंत वाढवली गेली.

हाजऱ्याजवळचे चित्तरंजन सेवा सदन, मेडिकल कॉलेज, एन.आर.एस., आर. जी. कर, नॅशनल मेडिकल या सरकारी रुग्णालयांत प्रसूती होतात. सुरुवात मात्र तुमच्या वॉर्डातल्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रापासून करा. शहरात १४४ वॉर्ड आहेत. केंद्रात नाव नोंदवले की माता-बाल संरक्षण कार्ड मिळते, आणि प्रसूतीच्या रात्री हेच कार्ड सर्वांत उपयोगी पडते. डॉक्टरांना तुमचा रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि रक्तगट त्यावरून लगेच कळतो. गावाकडे नोंदणी झाली असेल तर तिथले कार्डही सोबत आणा.

बाळ दाखवण्यासाठी कोणी बक्षीस मागितले, तर ते कोणत्याही योजनेत नाही. देणे बंधनकारक नाही. औषध किंवा रक्त बाहेरून विकत आणायला सांगितले, तर चिठ्ठी लिहून घ्या आणि अधीक्षक कार्यालयात लेखी तक्रार द्या. (इथे "छुटी" म्हणजे सुट्टी नव्हे, घरी सोडणे. "आज छुटी" म्हटले की गाडीची आठवण करून द्या.)

मग विमा कशासाठी?

आई किंवा बाळ गंभीर आजारी झाले आणि खासगी रुग्णालयात दाखल करावे लागले, तर विमा कामाला येतो. नवजात बाळाच्या अतिदक्षता विभागातले काही दिवस एखाद्या कुटुंबाची वर्षाची कमाई संपवू शकतात.

पश्चिम बंगालची स्वास्थ्य साथी योजना डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर २०२० पासून सर्व कुटुंबांसाठी खुली करण्यात आली. तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार ठरवले आहेत. कार्ड घरातल्या स्त्रीच्या नावे निघते, नवरा-बायको दोघांचेही आईवडील त्यात येऊ शकतात आणि आधीपासूनचे आजारही चालतात. अट अशी की कुटुंब राज्याचे रहिवासी असावे आणि दुसऱ्या सरकारी आरोग्य विम्यात नसावे.

महाराष्ट्रातले महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कार्ड कोलकात्यात चालेल असे समजू नका. ती योजना तिच्या यादीतल्या रुग्णालयांपुरती आहे. आयुष्मान भारत कार्ड (सुरुवात २३ सप्टेंबर २०१८, मर्यादा ५ लाख) दुसऱ्या राज्यात चालते, पण ते राज्य योजनेत असेल तरच. पश्चिम बंगाल जानेवारी २०१९ मध्ये त्यातून बाहेर पडला होता. म्हणून त्यावर विसंबण्याआधी १४५५५ या मोफत क्रमांकावर आजची स्थिती विचारा, आणि रुग्णालयाचे नाव सांगून विचारा.

आणखी एक गोष्ट अनेकांना ऐनवेळी कळते. अशा योजनांमध्ये काही उपचार सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले असतात, आणि प्रसूती व सिझेरियन बऱ्याच ठिकाणी त्यांत मोडतात. खासगी रुग्णालय योजनेच्या यादीत आहे एवढ्यावर समाधान मानू नका. "प्रसूती या कार्डावर होते का? बाळाला वेगळे दाखल करावे लागले तर बाळाचा खर्च याच कार्डावर धरता का?" हे दोन्ही प्रश्न सातव्या-आठव्या महिन्यातच योजनेच्या खिडकीवर विचारून ठेवा. जुन्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत (२००८) नवजात बाळ जन्मापासून आपोआप समाविष्ट होई. प्रत्येक योजनेत तसेच असेल असे गृहीत धरू नका.

आकडे काय सांगतात

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पश्चिम बंगालमध्ये रुग्णालयात होणाऱ्या प्रसूती २०१५-१६ मध्ये ७५ टक्के होत्या, त्या २०१९-२१ मध्ये जवळपास ९२ टक्के झाल्या. बाळांच्या बाबतीत राज्य बरे आहे: जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात दगावणारी बाळे दर हजारी १५.५, देशात २४.९. यात विम्यापेक्षा सरकारी सोयीचा वाटा मोठा आहे असे आम्हांला वाटते. २००३ मध्ये पुरुलियाच्या जिल्हा रुग्णालयात आजारी नवजात बाळांसाठी विशेष कक्ष सुरू झाला आणि पुढे तो नमुना देशभर नेला गेला.

आईंचे चित्र मात्र वेगळे आहे. २०१८-२० मध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू पश्चिम बंगालमध्ये १०३, देशात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ होते. जवळजवळ सगळ्या प्रसूती रुग्णालयात होऊनही हे घडते, कारण धोका बऱ्याचदा दारात पोहोचण्याआधीच वाढलेला असतो. त्याच सर्वेक्षणात राज्यातल्या ६२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय होता, आणि २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४२ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झाले होते. ही कारणे कार्डाने दूर होत नाहीत. लोहाच्या १८० गोळ्या आणि रक्तदाबाची नियमित तपासणी यांनी पुष्कळ धोका टळतो. ती तपासणी वॉर्डातल्या केंद्रात मोफत आहे.

खासगी रुग्णालयात जाणार असाल तर हेही माहीत असू द्या: राज्यातल्या खासगी रुग्णालयांत १०० पैकी जवळपास ८३ प्रसूती सिझेरियनने होतात, सरकारीत सुमारे २३. शस्त्रक्रिया अनेकदा जीव वाचवते, पण कारण विचारण्याचा तुम्हांला पूर्ण हक्क आहे.

थांबायचे नाही अशी लक्षणे

सतत डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, झटके, कधीही रक्तस्राव, ताप, पाणी जाणे, बाळाची हालचाल कमी होणे. बाळंत झाल्यावर पॅड भराभर भिजत असेल तरीही. बाळ दूध ओढत नसेल, अंग गार लागत असेल, मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास घेत असेल किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील, तर कार्ड, पैसे किंवा घरातल्या मोठ्यांच्या परवानगीसाठी खोळंबू नका. १०२ लावा, किंवा मिळेल त्या टॅक्सीने जवळच्या सरकारी रुग्णालयात जा. कागद मागाहून आणता येतात.